तळ्यातली तांडेन्सिस

८ जानेवारी

डावा डोळा सुजलाय, तरी मायक्रोस्कोपवरून उठवत नव्हतं. सप्टेंबरात तांड्याच्या पाझर तलावातून आणलेल्या गाळाची बाटली इतके दिवस फॉर्मेलीनमध्ये झोपून होती, ती आज उघडली. कवचवाले अमीबा भरपूर. बहुतेक डिफ्लुजिया, वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली संक्रांतीच्या सुगडासारखी कवचं. आणि त्यांच्यात एक वेगळीच बाई. अंग वाळूचं, पण तोंडाभोवती काचेसारख्या स्वच्छ, सहा कोनांच्या चकत्यांचं कडं.

आधी वाटलं सुजलेल्या डोळ्याचा प्रताप. आमचे लॅब अटेंडंट शेखमामा, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बराबर है मॅडम, छे कोने हैं." म्हणजे डोळा शाबूत आहे.

९ जानेवारी

आणखी सापडल्या. सगळ्यांचं कडं तोंडालाच, अंगावर कुठे नाही. काही चकत्यांच्या कडा काळपट. जुन्या झाल्या असाव्यात.

पुस्तकं उपसली. कवचवाल्यांत दोन तऱ्हा. एक वेचणाऱ्या, बाहेरून मिळेल तो कण घेऊन घर बांधणाऱ्या. दुसऱ्या घडवणाऱ्या, अंगातूनच सिलिकाच्या चकत्या काढणाऱ्या. घडवणाऱ्यांत चौकोनी चकत्यांची एक माहीत आहे, गोल, लंबगोल तर कितीतरी. षटकोनी कुठेच नाही. आणि अर्धं घर वेचलेलं, अर्धं घडवलेलं, हे तर...

जेवायचं राहिलं. आता खिचडी.

१३ जानेवारी

विद्यापीठात सरांना (माझे गाइड) फोटो दाखवले. सर फार बोलणारे नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "राठोड, हे कुठलं पाणी?" तांड्याचं म्हटलं. "कुठला तांडा?" आता काय सांगणार. फोनच्या नकाशात शिरड शहापूर आहे, आमच्या शेजारचं गाव आहे, त्यांच्या मध्ये तांड्याच्या जागी नुसता फिकट पट्टा. बोट ठेवून दाखवलं, की इथे.

पुढच्या वर्षी सर रिटायर होतात. उभा जन्म अमीबांत गेला, पण त्यांच्या नावावर एकही नवी जात नाही. परत निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले. असं कधी येत नाहीत.

१९ जानेवारी, तांडा

जिवंत पाहिजे. नुसत्या कवचावरून खानदान कळत नाही. जिवंत असेल तर तोंडातून पाय काढते, ते जाड बोटांसारखे असले तर एक कूळ, बारीक धाग्यांसारखे असले तर दुसरं. दोघांनाही घर आहे, पण नात्याने ती एकमेकांची कोणी नाहीत. घर बांधायची अक्कल दोघांना वेगवेगळी सुचली. हे वर्गात सांगते तेव्हा पोरं जांभया देतात आणि माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

भियाने (मोठा भाऊ) मोटरसायकलवर तळ्यापर्यंत नेलं. बाटल्या भरल्या. याडी (आई) काठावर उभी राहून बघत होती. काय शोधते म्हणाली. सांगितलं, की डोळ्याला न दिसणारा जीव आहे, डोकं नाही, हात नाहीत, तरी कण निवडून घर बांधतो. तिला ते लगेच पटलं, नवलही वाटलं नाही. पोट फुगून दोन व्हायच्या आधी ही बाई लेकीच्या घराचे कण गोळा करून स्वतःच्या पोटात साठवते, हे सांगितल्यावर मात्र ती थांबली. म्हणाली, "मंग तुझ्यापरीस शहाणी हाय. तुझ्या घराचं मी कवाचं साठवून बसले, तू लगीन करत न्हाई."

याडीचं गोरमाटी बोलणं मी इथे मराठीत उतरवते. तिखट थोडं कमी होतं.

२४ जानेवारी

जिवंत डिफ्लुजिया आहेत, पाय जाडे, कूळ ठरलं. पण कडंवाली एकही जिवंत नाही. रिकामी कवचं मिळाली, तीही तळाच्या गाळात. वरच्या सगळ्या साध्या. असं का? कदाचित हंगामी. पावसाळ्याच्या शेवटी सिलिका जास्त मिळत असेल तेव्हाच चकत्या घडवत असेल. सरांना हे फार आवडलं. मला तितकं नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

६ फेब्रुवारी

चकत्या कशाच्या, ते पाहिलं. सौम्य आम्लात ठेवल्या. चुन्याच्या असत्या तर बुडबुडे येऊन विरघळल्या असत्या. नाही विरघळल्या. उलट काळपट कडा होत्या त्याही गेल्या, लख्ख झाल्या. चुना नाही म्हणजे सिलिका. सरांना फोन केला. पलीकडून एवढंच, "वा."

२० फेब्रुवारी

मोठ्या मायक्रोस्कोपवरचे फोटो आले. बघतच राहावं. सगळ्या चकत्या एका मापाच्या, एका कोनाच्या. सर म्हणाले निसर्ग किती काटेकोर असतो. हो म्हटलं. घरी येऊन परत पाहिले. निसर्ग इतका काटेकोर मी तरी पाहिलेला नाही. मधमाशीचंही एखादं घर वाकडं असतं.

असो. शंकेखोर स्वभाव आमच्या घराण्यातच आहे. याडी भाजीवाल्याचं वजन दोनदा करून घेते.

१५ मार्च

नाव काय ठेवायचं. सर म्हणाले, तुम्हाला सापडली, तुम्ही सांगा. मनात कधीचं होतं. तांडेन्सिस. तांड्याची. सरांनी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि लिहून घेतलं.

रस्ताभर एसटीत हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

३० मार्च, तांडा

याडीला सांगितलं. "म्हंजी आपल्या तांड्याची? कायमची?" कायमची. जगात कुठल्याही पुस्तकात तिला याच नावाने हाक मारतील. याडीने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि नायकांच्या (तांड्याचे प्रमुख) घरी सांगायला गेली. परत आली ती चहाची वेळ टळल्यावर. तोवर अर्ध्या तांड्याला कळलं होतं.

भिया म्हणे फ्लेक्स करू. म्हटलं, खबरदार. पेपर छापून येऊ दे.

२ मे

तळं आटलं. मधे एक डबकं, त्यात म्हशी. बाकी भेगा. या भेगांत त्या सगळ्या गोळा होऊन तोंड बंद करून बसल्या असतील, पाणी येईपर्यंत. मूठभर कोरडी माती आणली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तांडेन्सिसचं, ते लिहून होत आलं. चौथं तिच्यावरच उभं आहे. खरं तर पाचवंही.

११ जुलै

पेपर गेला. सरांनी बटण दाबायच्या आधी मला फोनवर घेतलं. दोघंही उगीच गंभीर.

२७ जुलै

भियाने फ्लेक्स लावलाच! फाट्यावर, तांड्याकडे वळायच्या रस्त्याला. पल्लवीने (भियाची मुलगी, बारावीला) फोटो पाठवला. एका बाजूला माझा गॅदरिंगमधला फोटो, दुसऱ्या बाजूला तांडेन्सिस, माझ्या तोंडाएवढी. खाली "आमच्या तांड्याचे नाव जगात". फोन करून भियाला बोल बोल बोलले. तो ऐकून घेतो आणि काढत नाही.

रागावले आहे. फोटो मात्र चार वेळा उघडून बघितला.

१५ ऑगस्ट, तांडा

सकाळी कॉलेजात झेंडावंदन, मग एसटीने शिरड शहापूर, तिथून भिया. फाट्यावर गाडी थांबवून त्याने मला फ्लेक्स दाखवला. मी मान खाली घातली आणि हळूच वर पाहिलं.

उद्या तीज शिरवायची, म्हणजे तळ्यात सोडायची. नायकांच्या अंगणात मांडवावर पोरींच्या दुरड्या, वारुळाच्या मातीत लेंडीखत घालून पेरलेला गहू चांगला वीतभर आलाय. तीज बिनलग्नाच्या पोरींची, म्हणून छत्तिसाव्या वर्षीही माझी दुरडी हक्काची. पल्लवी माझ्या वाटचं पाणी रोज घालत होती. दुरड्या सजवायचं चालू होतं. मी टेकले, तशी ती म्हणाली,

"आत्या, औंदा चमकी काहून न्हाई आणली?"

म्हटलं, कसली चमकी?

"ती बारीक, भुकटीवानी. मागच्या साली हिंगोलीहून तूच आणली व्हती की. समद्या दुरड्यांवर लावली, तळं कसं चमकून राहिलं व्हतं. थोडी उरलीय, तीच पुरवून राहिले."

तिच्या तळहातावर चिमूटभर होती. मी बोटाला लावून उजेडात धरली.

पुढचं लिहवत नाही.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

लिहिते. मागच्या श्रावणात बाजारातून रुपेरी चमकीची पाकिटं मीच नेली होती. पोरींना आवडेल म्हणून. माझ्या दुरडीला मीच लावली, मीच पाण्यात सोडली. पुढच्या महिन्यात त्याच काठावर बसून मीच बाटली भरली.

पिशवीत दहापटीचं भिंग होतं. सहा कोन.

काळपट कडा म्हणजे चमकीवरचा रुपेरी थर. महिनाभर पाण्यात राहून बराच गेला, उरलेला मी आम्लाने काढला. वर लिहून ठेवलं, लख्ख झाल्या. चुना नाही म्हणून सिलिका? चुना नाही म्हणजे फक्त चुना नाही. पहिल्या वर्षाच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

अंगणात पोरी फेर धरून गात आहेत. यंदा गाण्यात माझं नाव घातलंय आणि तळ्यातल्या तिचंही. पल्लवीने जुळवलंय. मला मधे ओढलं. नाचले.

१६ ऑगस्ट

तीज शिरवली. माझी दुरडी बिनचमकीची सोडली. कोणी विचारलं नाही. याडी मात्र दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होती.

१८ ऑगस्ट

उरलेली पुडी पल्लवीकडून मागून आणली. एका स्लाइडवर चमकी, दुसरीवर तांडेन्सिसची कवचं. दोन्ही स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या. दोन्हीकडच्या चकत्या आक्रसल्या, वळल्या, वितळल्या. वाळू तशीच. म्हणजे प्लास्टिक. शेखमामा मागे उभे होते. वास आला, खिडकी उघडून गेले.

आठ महिने. लाज वाटते. आणि मधूनच हसू येतं, तेव्हा जास्त लाज वाटते.

१९ ऑगस्ट

सरांना फोनवर सांगितलं. आधी त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, परीक्षकांना कुठे तीज माहीत आहे. वाईट याचं वाटलं, की हेच माझ्या मनात बसमध्ये येऊन गेलं होतं. मग तेच म्हणाले, "उद्या येतो. मला दाखवा."

२० ऑगस्ट

सर आले. हिंगोलीला पहिल्यांदाच. स्वतः स्लाइड धरली, स्वतः वितळवली, परत दुसरी धरली. मग स्टुलावर बसून चहा मागितला. शेखमामांनी दोन चहा आणले, सरांनी दोन्ही प्याले.

मला वाटलं आता ओरडतील. म्हणाले, पेपर मागे घ्यायचं पत्र मी लिहितो, पहिलं नाव माझं आहे. मग बराच वेळ फोटो बघत बसले, आणि एकदम:

"राठोड, चमकी सगळ्या तळात होती ना? मग हिने ती फक्त तोंडालाच का लावली?"

मी वर पाहिलं. हे मला सुचलंच नव्हतं! वितळलेल्याच्या दुःखात मी होते.

खरंच. मिळेल ते चिकटवणारी असती तर अंगभर लावली असती. म्हणजे हिला सपाट मोठं काही मिळालं की ती ते तोंडासाठी राखून ठेवते. चकत्या बाजारच्या, पण मांडणी कोणाची? कशाचं बांधलंय यावरून आपण जाती पाडतो. कसं बांधलंय हे निराळं. तळ्यातल्या साध्या डिफ्लुजियांना मी साध्या म्हणून सोडून दिलं, त्यांचं तोंड नीट कोणी पाहिलं? मी नाही.

सर गाडीत बसेपर्यंत यावरच बोलत होते. रिटायरमेंटचं कोणीच बोललं नाही.

२४ ऑगस्ट, तांडा

भरलेल्या तळ्यातून जिवंत आणायला गेले. याडीला सांगायचंच होतं. ओसरीवर ती तूर निवडत होती. सगळं सांगितलं. चमकी, आम्ल, दिवा, पेपर मागे घेतला ते. नाव नाही, निदान आता तरी नाही.

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मंग ती आपली न्हाई?"

ती आपलीच आहे, आपल्याच तळ्यातली आहे, वेगळी आहे का ते माहीत नाही. हे ऐकताना तिचं तोंड इतकं उतरलं, की मी दुसरीकडे पाहिलं. नायकांना तिने स्वतः सांगितलं होतं. पाहुण्यांनाही. तिला राग यावा असं मला वाटत होतं, तो आलाच नाही.

भिया म्हणाला, "ऱ्हाऊ दे फ्लेक्स. कोणाला काय समजून राहिलं?" त्याच्यावर मी ओरडले. मग ओसरीवर येऊन रडले. याडी तूर निवडत राहिली, थोड्या वेळाने अर्धी माझ्यापुढे सरकवली.

२९ ऑगस्ट

दोन बशा मांडल्या. एकाच बाईच्या लेकी दोन्हीत, म्हणजे रक्ताचा प्रश्न नको. पहिलीत तळ्याची बारीक, सारख्या दाण्याची चाळलेली वाळू, त्यात थोडे मोठे चपटे कण. दुसरीत तीच बारीक वाळू आणि पुडीतली चमकी. पाणी उकळून गार केलेलं, खायला शेवाळ. टाकलं आणि बसले बघत. उगीच. लगेच काय होणार.

एक भिंगाखालून चालली होती. एक जाड पाय पुढे टाकते, त्याला चिकटते, घर ओढून घेते. भाजीची पिशवी ओढत जिना चढावा तशी.

४ सप्टेंबर

चमकीच्या बशीत एक दोन झाली. लेकीचं घर अंगापर्यंत वाळूचं. तोंडाशी चकत्या, सगळ्या!

शेखमामा म्हणाले, इतकं हसताना मॅडमना पहिल्यांदा पाहिलं.

वाळूच्या बशीत शांतता.

७ सप्टेंबर

कॉलेजात आज कमिटी आली. अर्धा दिवस फायली दाखवण्यात गेला. बशा संध्याकाळी पाहिल्या. काही नाही. एक वाळूवाली फुगल्यासारखी वाटते, की मलाच तसं वाटतंय. फुगली असेल तर कण साठवतेय.

सरांचे दिवसात दोन मेसेज येतात. मजकूर एकच: "?"

११ सप्टेंबर

झाली. पहाटेच झाली असावी, मी पोचले तेव्हा माय-लेकी तोंडाला तोंड लावून होत्या, मग सुटल्या. लेकीचं घर फिकट, नवं. तोंड दिसावं म्हणून तिला उलटं करण्यात दुपार गेली.

तोंडाभोवती चपटे कण. मोठे, एकाशेजारी एक, कड्यासारखे. अंगावर कुठे नाहीत.

सरांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, एक म्हणजे काहीच नाही. आणि लगेच दुसरा मेसेज, की अजून किती फुगल्या आहेत?

बरोबर आहे, एकीवरून काही ठरत नाही. शेजारच्या तळ्यातल्या डिफ्लुजियाही असंच करत असतील तर ही सगळ्यांचीच रीत, तांडेन्सिस वगैरे कोणी नाही. शिरड शहापूरच्या बाजूचं तळं, औंढ्याकडचं, सगळीकडचा गाळ आणावा लागेल, सगळ्यांची तोंडं बघावी लागतील. वर्ष जाईल, दोनही जातील. प्रबंध पहिल्या पानापासून. बसून विचार केला, की याचं वाईट वाटतंय का. आज तरी नाही.

१४ सप्टेंबर

याडीचा फोन. स्वतः लावलेला, म्हणजे महत्त्वाचं. मी आधी लेकीच्या घराचं सांगितलं, कड्याचं, आणि हेही सांगितलं की अजून काही नक्की नाही. ती हूं हूं करत होती.

मग म्हणाली, फाट्यावरचा फ्लेक्स तिने भियाला सांगून उतरवून घेतला. मी म्हटलं, बरं केलंस. काय केलं त्याचं, विचारलं. शेळ्यांच्या गोठ्यावर घातलाय म्हणाली, वरून गळत होतं.

"तोंड आतल्या अंगाला केलंय. बाहेर केलं तर उन्हानं रंग उडल. तुझं ठरलं की काढून धुऊन परत लावू."

म्हणजे सध्या तांडेन्सिस आणि मी शेळ्यांकडे बघत आहोत. पल्लवीकडून फोटो मागवलाय, अजून आला नाही. वाळूच्या बशीत आणखी एक फुगली आहे.